पाच के नसतो

शनिवारची दुपार, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, काउंटरवर नेहमीची दाटी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा वाटावा असा एक मुलगा वहीचा फाडलेला कागद हातात धरून उभा. ब्रेडबोर्ड मिळाला, जंपर वायर मिळाल्या, सेन्सरचं मॉड्यूल मिळालं. राहिले रेझिस्टर, विजेच्या वाटेत मोजून अडथळा घालणारे बारीक भाग; तो अडथळा ओहममध्ये मोजतात आणि एक के म्हणजे हजार ओहम. मग तो म्हणाला, "काका, पाच के द्या. क्वार्टर वॉट. दहा." काका खणांकडे वळलेसुद्धा नाहीत. "पाच के नसतो. चार पॉइंट सात देतो." "पण मला पाचच हवेत." "अरे, येतच नाही तो. सगळे हेच वापरतात." दोन्ही कडांना कागदी टेप लावलेली, शिडीसारखी दिसणारी पट्टी बाहेर आली, दहा पायऱ्या मोजून कात्रीनं कापली गेली. मुलानं ती पिशवीत टाकली खरी, पण मापाचा बूट मिळाला नाही म्हणून एक नंबर लहान घेऊन निघालेल्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला होता.

काकांचं उत्तर बरोबरच होतं. त्या खणांमध्ये पाच के खरंच नसतो. मनात राहिला तो त्या मुलाचा चेहरा. आपल्या सर्किटला तीनशे ओहम कमी पडले आहेत आणि आता जे बनेल ते थोडं उणंच असेल, अशी समजूत घेऊन तो गेला. प्रॅक्टिकलच्या वहीत आकडेमोड करून आलेलं उत्तर दुकानात मिळत नाही, हा अनुभव इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या प्रत्येकाला येतो आणि बहुतेक जण "असंच असतं" म्हणून पुढे जातात. पण त्या खणांवरच्या चिठ्ठ्या एकदा सावकाश वाचाव्यात. १, १.२, १.५, १.८, २.२, २.७, ३.३, ३.९, ४.७, ५.६, ६.८, ८.२. पुढे १० पासून तेच, १०० पासून तेच, लाखापर्यंत तेच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे आकडे कुणी तरी डोळे मिटून निवडल्यासारखे वाटतात. दोन नाही, पाच नाही, आणि ८.२ मात्र आहे. या बारा आकड्यांमागे विचार आहे, आणि तो सुरू होतो रेझिस्टर कसा घडतो तिथून.

कार्बन फिल्मचा रेझिस्टर म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकची बारीक कांडी. तिच्यावर कार्बनचा पातळ थर चढवतात, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या घट्ट बसवतात आणि मग त्या थरावर मळसूत्रासारखी खाच कापत नेतात. खाच जसजशी पुढे सरकते तसा विजेचा रस्ता अरुंद आणि लांब होतो, रेझिस्टन्स वाढत जातो, आणि ठरलेल्या आकड्याला यंत्र थांबतं. त्यानंतर तारा जोडायच्या, रंगाचा थर द्यायचा, भट्टीतून काढायचं, पट्टे ओढायचे. या प्रत्येक टप्प्यावर आकडा थोडा सरकतो. मेटल फिल्ममध्ये कार्बनच्या जागी निकेल-क्रोमियमसारखा मिश्रधातू असतो, थर जास्त एकसारखा बसतो, म्हणून चूक कमी. पण जुन्या कार्बन कॉम्पोझिशन प्रकारात खाच कापण्याची सोयच नव्हती. कार्बनची भुकटी, भराव आणि चिकट राळ यांचं मिश्रण साच्यात दाबायचं, भाजायचं आणि जे निघेल ते मोजायचं. घरच्या भट्टीतल्या विटा जशा एका मापाच्या निघत नाहीत तसेच हे. दहा हजार ओहम धरून केलेल्या घाण्यातून आठ हजारांचे, अकरा हजारांचे, साडेबारा हजारांचे, सगळेच निघायचे.

आता कारखानदाराच्या जागी उभं राहून पाहावं. वीस टक्के इकडे-तिकडे होणार हे ठरलेलंच आहे. अशा वेळी १० आणि ११ असे दोन वेगळे खण ठेवण्यात काय अर्थ? दहाच्या खणातले बहुतेक अकराच्या खणात चालतील. म्हणून दोन शेजारच्या आकड्यांत इतकं अंतर हवं की पहिल्याची वरची हद्द जिथे संपते तिथेच दुसऱ्याची खालची हद्द सुरू व्हावी. शेताला शेत लागावं, मधे बांधापुरतीही पडीक जमीन राहू नये आणि एकाचं दुसऱ्यात फार घुसूही नये. वीस टक्क्यांनी करून पाहा. १० ची जमीन ८ ते १२. १५ ची १२ ते १८. २२ ची १७.६ ते २६.४. ३३ ची बरोबर २६.४ पासून ३९.६ पर्यंत. ४७ ची ३७.६ ते ५६.४. ६८ ची ५४.४ ते ८१.६. आणि १०० ची सुरू होते ८० ला. सहा आकड्यांत दहापासून शंभरपर्यंतचा सगळा पट्टा झाकला गेला. कारखान्यातून काहीही निघालं तरी ते कुठल्या ना कुठल्या खणात बसणारच.

चूक आधी होती. आकडे तिच्या मापानं बेतले गेले.

म्हणून त्यांची वाढ बेरजेनं होत नाही, पटीनं होते. वीस टक्क्यांसाठी दोन शेजाऱ्यांमधलं जास्तीत जास्त गुणोत्तर म्हणजे १.२ भागिले ०.८, म्हणजे दीड. दहाचं सहावं मूळ, म्हणजे सहा वेळा गुणलं की दहा होणारी संख्या, आहे १.४६८, म्हणून सहा पायऱ्या पुरतात. दहा टक्क्यांसाठी १.१ भागिले ०.९ म्हणजे १.२२२, आणि दहाचं बारावं मूळ १.२११५. बारा पायऱ्या. पाच टक्क्यांसाठी १.१०५, आणि चोविसावं मूळ १.१००७. ई६, ई१२, ई२४ ही नावं इथून आली. नावातला आकडा म्हणजे १ ते १० किंवा १० ते १०० अशा एका दहापटीतल्या पायऱ्यांची संख्या. मूळ काढून आलेले आकडे पुढे दोन अंकी करताना थोडे सरकवले आहेत. बारावं मूळ घेत गेलं तर २६.१, ३१.६, ३८.३, ४६.४ आणि ८२.५ यायला हवेत, यादीत २७, ३३, ३९, ४७ आणि ८२ आहेत. त्यामुळे सगळीकडे बांधाला बांध तंतोतंत लागत नाही. दहा टक्क्यांच्या यादीत २२ ची हद्द २४.२ ला संपते आणि २७ ची २४.३ ला सुरू होते, मधे केसभर फट. पाच टक्क्यांच्या यादीत १३ आणि १५ यांच्यामध्ये त्याहून मोठी, १३.६५ ते १४.२५ अशी.

पटीनं वाढणारी मापं आपल्याला परकी नाहीत. पायली, अधोली, शेर, अच्छेर, पावशेर ही धान्याची उतरंड निम्म्या-निम्म्यानंच उतरते. पाच मापं जवळ असली की कोठारापासून चुलीपर्यंतचा व्यवहार भागतो, कारण लहान मापाला लहान चूक आणि मोठ्या मापाला मोठी चूक चालते. हाच विचार १८७० च्या दशकात फ्रेंच लष्करातला अभियंता शार्ल रनार याला सुचला. लष्करी फुग्यांना बांधायच्या दोरांचे ४२५ प्रकार सांभाळावे लागत होते, ते त्यानं पटीच्या पायऱ्या आखून १७ वर आणले. त्याच्या मालिकेची सावली आपल्या घरात रोज दिसते. मुख्य डीबी, म्हणजे विजेची मुख्य पेटी, उघडून तिच्यातल्या एमसीबी स्विचांवरचे आकडे वाचा. ६, १०, १६, २०, २५, ३२, ४०, ६३. गिझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरचा सोळा याच पायऱ्यांमधला. रेझिस्टरवाल्यांनी रनारची दहा आणि वीस पायऱ्यांची मालिका घेतली नाही, कारण त्यांचं गणित पाच, दहा आणि वीस टक्क्यांशी बांधलेलं होतं आणि त्यातून सहा, बारा, चोवीसच निघतात. अमेरिकेतल्या रेडिओ मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशननं १९३६ मध्ये निवडक आकड्यांची पद्धत स्वीकारली, आणि १९५२ मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेच्या ६३ क्रमांकाच्या मानकानं हे आकडे जगभर पक्के झाले. ट्रान्झिस्टरच्याही आधीच्या, व्हॉल्व्ह रेडिओच्या काळातली ही आखणी आज मोबाइलच्या बोर्डावर तशीच्या तशी बसली आहे.

एक टक्क्याच्या रेझिस्टरसाठी ई९६ यादी आहे, आणि तिथे मात्र शेताला शेत लागत नाही. एक टक्क्यासाठी गुणोत्तर हवं १.०२०२, आणि शहाण्णवावं मूळ आहे १.०२४३. म्हणजे दर दोन खणांमध्ये थोडी मोकळी जागा. हे चालतं, कारण तोवर कारखान्याची पद्धत बदललेली होती. जे निघेल ते खणात घालण्याची गरज उरली नाही, हवा तो आकडा कापून मिळू लागला, आणि यादी वापरणाऱ्याच्या सोयीची झाली. या यादीत ४.७ नाहीच. तिथे ४.६४ आहे आणि ४.७५ आहे. तरीही दुकानात एक टक्क्याचा ४.७ के हमखास मिळतो, कारण ई२४ चे आकडे एक टक्क्यातही बनवले जातात. आणि त्या मुलाला हवा होता त्याच्या अगदी जवळचा आकडाही याच यादीत आहे, ४.९९ के. पट्टा ४९४० ते ५०४० ओहम. पाच टक्क्यांच्या चोवीसवाल्या यादीत ५.१ के आहे, त्याचा पट्टा ४८४५ ते ५३५५, म्हणजे पाच हजार त्यात येतो. काकांनी दिलेल्या ४.७ के चा पट्टा ४४६५ ते ४९३५. त्यात पाच हजार येत नाही. म्हणजे नेमका पाच के हवाच असता तर ५.१ मागणं किंवा दोन १० के समांतर जोडणं जास्त योग्य. (ठरलेलं व्होल्टेज धरून ठेवणारा झेनर डायोड ५.१ व्होल्टचा का मिळतो, पाचचा का नाही, याचंही उत्तर तेच. झेनरचे ३.३, ३.९, ४.७, ५.१, ५.६, ६.८ हे व्होल्टेजसुद्धा याच खणांवरून उचललेले आहेत.)

रंगांचे पट्टे हा या विषयातला सर्वात देखणा आणि सर्वात दगा देणारा भाग. कॉलेजात सगळे "बी बी रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन" घोकतात. पण मराठी शाळेत शिकलेल्याला तेवढ्या कष्टाची गरज नाही. इंद्रधनुष्याचं तानापिहिनिपाजा आठवतं ना? त्यातला पारवा काढून टाकायचा. तांबडा २, नारंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७. अंधारातून उजेडाकडे यावं तसे आधी काळा ० आणि तपकिरी १, आणि इंद्रधनुष्य संपल्यावर करडा ८ आणि पांढरा ९. चार पट्ट्यांचा ४.७ के म्हणजे पिवळा, जांभळा, तांबडा, सोनेरी. चार, सात, पुढे दोन शून्यं, आणि सोनेरी म्हणजे पाच टक्के. रुपेरी दहा टक्के, चौथा पट्टाच नसेल तर वीस. सोनेरी पट्टा कधी पहिला नसतो, त्यामुळे चार पट्ट्यांचा रेझिस्टर कुठल्या बाजूनं वाचायचा हा प्रश्न येत नाही.

प्रश्न येतो तो पाच पट्ट्यांच्या निळ्या मेटल फिल्ममध्ये. तिथे टॉलरन्सचा, म्हणजे चुकीच्या मुभेचा, पट्टा तपकिरी असतो, एक टक्का, आणि तपकिरी हा पहिला अंकही असू शकतो. दहा के चा एक टक्केवाला घ्या, इथे पहिले तीन पट्टे अंकांचे. तपकिरी, काळा, काळा, तांबडा, तपकिरी. उलट्या बाजूनं वाचला तर तपकिरी, तांबडा, काळा, काळा, तपकिरी. हा झाला १२० ओहम, एक टक्का, तितकाच खरा आणि तितकाच बाजारात मिळणारा. शेवटचा पट्टा जरा लांब किंवा जरा रुंद ठेवायची पद्धत आहे, पण स्वस्त मालात ते अंतर डोळ्याला दिसत नाही. त्यात निळ्या अंगावर तपकिरी, तांबडा आणि नारंगी हे तिन्ही ट्यूबलाइटखाली एकसारखेच भासतात. दहा के समजून १२० ओहम लावला गेला की पाच व्होल्टला अर्ध्या मिलिअँपिअरच्या जागी ४२ मिलिअँपिअर वाहतात, आणि मायक्रोकंट्रोलरची पिन गेली की शोध कोडमध्ये चालू राहतो. निळा रेझिस्टर लावण्याआधी मीटरनं मोजावा, दरवेळी मोजावा.

तारा नसलेल्या, थेट बोर्डावर बसवायच्या बारीक एसएमडी रेझिस्टरवर हेच अंकांत. ४७२ म्हणजे ४७ आणि दोन शून्यं, ४.७ के. चार अंकी ४७०१ म्हणजे ४७० आणि एक शून्य, तोच ४.७ के, एक टक्क्याचा. पण '६८बी' असं दिसलं तर तिथे ६८ हा आकडा नसतो, तो ई९६ यादीतला अडुसष्टावा क्रमांक असतो. अडुसष्टावा म्हणजे ४९९, आणि बी म्हणजे दहापट, ४.९९ के. रिपेअरिंगच्या बाकावर हा ६८० किंवा ६.८ के समजून बदलला जातो, आणि बोर्ड जिवंत होऊनही व्होल्टेज चुकीचं येत राहतं.

मोजण्याचंही एक शिस्तीचं अंग आहे. एका पट्टीतले दहा रेझिस्टर ओळीनं मोजले तर बहुधा ४.६५, ४.६६, ४.६६, ४.६७ असेच येत राहतात. पाच टक्क्यांची मुभा आहे म्हणून ते ४.४६ पासून ४.९३ पर्यंत विखुरलेले नसतात. एका यंत्रावर, एका दिवशी, एकाच थराचे कापलेले ते सख्खे भाऊ असतात, आणि सगळे मिळून एकाच बाजूला थोडे झुकलेले. दुसऱ्या दुकानातली पट्टी आणली तर ती ४.७४ च्या आसपास घुटमळेल. पट्टीवरची पाच टक्क्यांची हमी या दोन पट्ट्यांमधल्या फरकासाठीही आहे. मोजताना दोन्ही तारा दोन्ही हातांच्या चिमटीत धरू नयेत. ४.७ के ला फरक कळणार नाही, पण एक मेगओहमला आपलं अंगच समांतर जोडलं जातं आणि आकडा पार कोसळतो, पावसाळ्यात घामट बोटं असली तर आणखीच. दहा ओहमच्या खाली मीटरच्या वायरींचाच काही दशांश ओहम मिसळतो, म्हणून आधी टोकं एकमेकांना लावून तो आकडा वजा करावा. सर्किटमध्ये बसवलेला रेझिस्टर एक पाय उचलल्याशिवाय मोजू नये. आणि साध्या मीटरची रेझिस्टन्स मोजण्यातली स्वतःची चूकच ०.८ टक्के आणि शेवटचे दोनेक अंक इतकी असते. एक टक्क्याचा रेझिस्टर त्या मीटरनं खरा-खोटा ठरवता येत नाही. तो नेमका कुठल्या खणातला, एवढंच सांगता येतं.

मग टॉलरन्स नडतं कुठे? सगळ्यात आधी, जिथे नडत नाही तिथलं बोलू. पाच व्होल्टवर तांबडा एलईडी, दोन व्होल्ट त्याचे गेले, दहा मिलिअँपिअर हवेत, उत्तर ३०० ओहम. २७० लावला तर ११.१, ३३० लावला तर ९.१ मिलिअँपिअर. डोळ्याला हा फरक दिसत नाही. तसंच ५५५ या वेळ मोजणाऱ्या टायमर चिपचं. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (सी) आणि ४७ के चा रेझिस्टर (आर) घेतले की १.१ गुणिले आर गुणिले सी, म्हणजे ५.१७ सेकंद येतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच वीस टक्क्यांचा, तो एकटाच या वेळेला ४.१ पासून ६.२ सेकंदांपर्यंत हलवतो. तिथे एक टक्क्याचा रेझिस्टर लावणं म्हणजे गळक्या बादलीला चांदीची कडी लावणं. वेळ अचूक हवी असेल तर प्रीसेट, म्हणजे स्क्रू फिरवून मूल्य बदलता येणारा रेझिस्टर, लावून घड्याळाशी जुळवावी, आणि प्रीसेटसुद्धा पूर्ण पट्ट्याचा लावू नये. ३९ के पक्का आणि त्याच्या पुढे २२ के चा प्रीसेट असं करावं, म्हणजे स्क्रू थोडा फिरवला की थोडंच सरकतं आणि हादऱ्यानं मूल्य हललं तरी फार बिघडत नाही.

नडतं ते व्होल्टेज मोजताना. महाराष्ट्रात भारनियमनानं घरोघरी इन्व्हर्टर आणला, आणि त्याच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर लक्ष ठेवणारं मीटर बनवणं हा कॉलेजच्या प्रोजेक्टचा आवडता विषय. अर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला पाच व्होल्टच्या वर देता येत नाही, म्हणून २० के आणि १० के चा डिव्हायडर, एकामागे एक जोडलेले दोन रेझिस्टर, ज्यातल्या खालच्यावर व्होल्टेजचा ठरावीक हिस्सा मिळतो, १५ व्होल्टचे पाच. कागदावर एक तृतीयांश. आता पाच टक्क्यांचे रेझिस्टर घ्या आणि दैव विरुद्ध गेलं असं धरा. खालचा १०.५ के निघाला, वरचा १९ के. गुणोत्तर ०.३३३ च्या जागी ०.३५६. खऱ्या १२.० व्होल्टला मीटर १२.८ दाखवेल. उलट झालं, खालचा ९.५ आणि वरचा २१ निघाला, तर तेच मीटर ११.२ दाखवेल. लेड-ॲसिड बॅटरीत विश्रांतीचं व्होल्टेज १२.७ च्या पुढे म्हणजे पूर्ण भरलेली, १२.० म्हणजे जेमतेम पाव उरलेली, ११.२ म्हणजे मरणपंथाला लागलेली. एकच बॅटरी, आणि दोन मुलांच्या दोन मीटरांवर एकात ती तट्ट फुगलेली, दुसऱ्यात संपलेली. सगळा खेळ अर्ध्या-पाऊण व्होल्टचा असतो, तिथे पाच टक्क्यांचे दोन रेझिस्टर एकमेकांविरुद्ध गेले की सहा-सात टक्के खातात. एक टक्क्याचे लावले तर तीच वाईटात वाईट स्थिती ११.८४ ते १२.१६ मध्ये येते.

आणि इथेच त्या सख्ख्या भावांचा उपयोग. डिव्हायडरला रेझिस्टरचा आकडा लागत नाही, दोघांचं गुणोत्तर लागतं. २० के शोधत बसू नये. एकाच पट्टीतले लागून असलेले तीन १० के कापावेत, दोन वर सिरीजमध्ये, एक खाली. तिघेही तीन टक्के कमी भरले तरी गुणोत्तर एक तृतीयांशच राहतं. पाच टक्क्यांच्या मालातून एक टक्क्याहून चांगलं काम निघतं, तेही जास्तीचा पैसा न घालता. वर एकदा चांगल्या मीटरनं बॅटरी मोजून, दोन वाचनांचा भागाकार करून तो गुणक कोडमध्ये टाकावा. अर्डुइनो ज्यांच्याशी तुलना करून मोजतो ते यूएसबीवरून येणारे पाच व्होल्ट नेमके पाच नसतात, ती चूकही त्यात धुऊन निघते, फक्त कॅलिब्रेशन आणि वापर एकाच पुरवठ्यावर व्हायला हवा. ऑप-अँप या सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या डिफरन्स ॲम्प्लिफायरमध्ये, म्हणजे दोन तारांमधला फक्त फरक घेणाऱ्या सर्किटमध्ये, ही गुणोत्तराची बाब आणखी कठोर होते. एक टक्क्याचे चार रेझिस्टर, गेन एक, तर दोन्ही तारांवर सारखाच येणारा घोंगाट वाईट स्थितीत जेमतेम पन्नास पटींनीच दाबला जातो, चिप कितीही महाग असो. ०.१ टक्क्याचे लावले की पाचशे पटींनी.

गुणक कोडमध्ये टाकला म्हणून काम संपत नाही, कारण आकडा जागेवर राहत नाही. मेटल फिल्मचा तापमान गुणांक साधारण ५० ते १०० पीपीएम असतो, म्हणजे तापमान एक अंशानं बदललं की दहा लाखांत तेवढे भाग सरकतात. विदर्भात मे महिन्यात उन्हात ठेवलेला पंपाच्या कंट्रोलरचा पत्र्याचा डबा आतून सहज सत्तर अंशांवर जातो. २५ अंशांवर जुळवलेला रेझिस्टर ४५ अंशांनी तापला की १०० पीपीएमच्या हिशेबानं ०.४५ टक्के सरकला. कार्बन फिल्मचा गुणांक उणे बाजूला काहीशे पीपीएम, तो याच उन्हात दोन-अडीच टक्के खाली येऊ शकतो. कोकणात शत्रू वेगळा. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतले कार्बन कॉम्पोझिशनचे जाड तपकिरी रेझिस्टर दमट हवा पितात आणि वर्षानुवर्षं चढत जातात. दहा टक्क्यांचा रुपेरी पट्टा अजून शाबूत असतो, आणि मीटरवर आकडा तीस-चाळीस टक्के वर. पट्टा खोटं बोलत नाही, तो फक्त कारखान्यातून निघाल्या दिवसाबद्दल बोलतो. असा रेडिओ दुरुस्त करताना सगळेच बदलून टाकायचा मोह होतो. पण आधी व्हॉल्व्हच्या आतल्या प्लेट आणि स्क्रीन या भागांना व्होल्टेज देणारे जास्त ओहमचे मोजावेत, शंभर के च्या पुढचे बहुधा तेच चढलेले असतात.

हे सगळं डोक्यात असताना त्या मुलाचा कागद पुन्हा डोळ्यांपुढे येतो. काउंटरवर तो उघडाच पडला होता. सेन्सरचा चौकोन, त्यातून निघालेल्या दोन रेघा, त्यांच्यावर एसडीए आणि एससीएल, आणि दोन्ही रेघांवरून वर गेलेले दोन नागमोडी रेझिस्टर, प्रत्येकाशेजारी '५ के'. आय-टू-सी बसचे, म्हणजे चिपांनी दोन तारांवरून एकमेकींशी बोलण्याच्या पद्धतीतले, पुल-अप, तारेला पुरवठ्याच्या व्होल्टेजकडे वर ओढून धरणारे रेझिस्टर. म्हणजे त्याला पाच के हवाच नव्हता. पाच व्होल्टवर खालची हद्द येते साधारण दीड के, कारण चिपनं ०.४ व्होल्टला तीन मिलिअँपिअर ओढावेत एवढीच मानकाची अपेक्षा आहे. वरची हद्द वायरींच्या कपॅसिटन्सनं ठरते. १०० पिकोफॅरड धरले आणि वेग १०० किलोहर्ट्झ, तर सिग्नल वेळेत वर चढण्यासाठी ११.८ के पर्यंत चालतं. दीड ते पावणेबारा, इतकं मोठं अंगण. त्यात ४.७ आणि ५ यांत काही भेद नाही. ते तीनशे ओहम त्यानं उगाच मनावर घेतले.

काकांनी "कशासाठी हवाय?" विचारलं असतं आणि त्यानं कागद पुढे केला असता, तर कदाचित आणखी एक गोष्ट निघाली असती. त्यानं घेतलेल्या सेन्सर मॉड्यूलच्या कोपऱ्यात ४७२ लिहिलेले दोन काळे ठिपके होते. पुल-अप त्यावर आधीपासून बसवलेले होते. बाहेरून आणखी ४.७ के जोडले की दोन्ही समांतर होऊन २.३५ के, अजून हद्दीत. असंच आणखी एक मॉड्यूल जोडलं की १.५७, अगदी काठावर. त्यापुढचं जोडलं की सेन्सर कधी सापडतो, कधी सापडत नाही, आणि दोष वायरिंगला दिला जातो.

घरी गेल्यावर तो त्या पट्टीतले रेझिस्टर ओढून काढेल, बहुतेक जण तसंच करतात. टेपचा चिकट डिंक तारेच्या टोकाला राहतो, ब्रेडबोर्डच्या भोकात जातो आणि काही दिवसांनी तिथला कॉन्टॅक्ट रुसतो. टेपच्या आतून, अर्धा सेंटिमीटर सोडून, कटरनं तारा कापाव्यात. एका मॉड्यूलला बाहेरचा एकही लागणार नाही, हे त्याला कळलं तर दहाच्या दहा डबीत जातील. डबीवर '४.७ के, पाच टक्के' असं लिहावं. पुढच्या डिव्हायडरला याच पट्टीतले लागून असलेले काढायचे आहेत, म्हणून पट्टी तोडून सुटे करू नयेत.